'हे काम कुणाचं?' : नवशिक्या मुलांना ऊप्स शिकवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गडहिंग्लजला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये तुम्ही यंदापासून ऊप्स (ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंग, म्हणजे प्रोग्राम ऑब्जेक्टमध्ये वाटून लिहायची पद्धत) शिकवताय. समोर वीसेक मुलं आहेत, बीसीए नाहीतर बीएस्सी झालेली, दोन महिन्यांनी पुण्यात कंपन्यांच्या ट्रेनिंगला जाणारी. 'क्लास म्हणजे घराचा नकाशा, ऑब्जेक्ट म्हणजे घर' असं सांगितलं की सगळी माना डोलावतात, एन्कॅप्स्युलेशन, ॲब्स्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम या चारही व्याख्या घडाघडा म्हणतात. पण कोरी फाइल उघडून दिली की सगळा कोड मेनमध्येच (प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या भागातच) लिहितात. चूक कुठे होतेय आणि सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय.

मी सोळा वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय, आधी पुण्यात आणि मग कोल्हापुरात. त्यातली अकरा वर्षं संध्याकाळी राजारामपुरीत मुलांना शिकवतोय. तुमच्यासारखीच मुलं माझ्याकडे येतात, त्यामुळे हे दृश्य ओळखीचं आहे. माझ्या मते ऊप्स मुलांना अवघड जात नाही. ऊप्स ज्या प्रश्नाचं उत्तर आहे तो प्रश्नच त्यांना कधी पडलेला नसतो. वीस ओळींचा प्रोग्राम लिहिणाऱ्याला क्लासची गरज खरंच नसते. म्हणून तो लिहीत नाही, आणि त्याच्या जागी तो बरोबरच असतो. आपण मात्र औषध आधी देतो आणि आजार नंतर समजावतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. मी जावा ही भाषा धरून बोलतोय, कारण माझ्याकडच्या बहुतेक मुलांना ट्रेनिंगमध्ये तीच लागते. तुमच्या मुलांना पायथॉन असेल तर प्रायव्हेटचा (क्लासमधली माहिती बाहेरच्यांना बंद ठेवण्याचा) भाग वेगळा शिकवावा लागेल, कारण तिथे नावापुढचा अंडरस्कोर हा फक्त संकेत आहे, कुलूप नाही. दुसरं, मुलांना लूप आणि फंक्शन हाताने लिहिता येतात का, हे पहिल्याच दिवशी तपासा. फंक्शनला दोन आकडे देऊन उत्तर परत घेता येत नसेल, तर पहिले आठ-दहा दिवस ऊप्सचं नावही काढू नका. ते दिवस वाया जात नाहीत.

आता सुरुवात. मी पहिल्या दिवशी क्लास हा शब्द उच्चारत नाही. गावच्या दूध संस्थेचा प्रोग्राम लिहायला सांगतो. आपल्या भागातल्या निम्म्या मुलांनी सकाळी किटली घेऊन संस्थेत रांग लावलेली असते. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), दर दहा दिवसांनी बिल हे त्यांना शिकवावं लागत नाही. मुलं तीन याद्या करतात: एकीत नावं, एकीत लिटर, एकीत फॅट. प्रोग्राम चालतो, सगळे खूश. मग मी म्हणतो, नावं आता वर्णानुक्रमे लावा. ती नावांची यादी सॉर्ट करतात आणि लिटर-फॅटच्या याद्या जागच्या जागी राहतात. पाटलांच्या म्हशीचं ७.२ फॅट शिंद्यांच्या नावावर जाऊन बसतं. वर्ग आधी हसतो, मग गप्प होतो, कारण हे खरंच झालं तर गावात काय होईल हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

त्या शांततेत मी विचारतो: पाटलांचं नाव, पाटलांचं लिटर आणि पाटलांचं फॅट वेगवेगळं फिरू शकतंय, ते एकत्र बांधून ठेवता येईल का? क्लास इथे येतो, नाव सभासद. मुलांनी तो मागितलेला असतो, त्यामुळे पुढे तो विसरत नाहीत.

नकाशा आणि घर या उदाहरणाला माझा विरोध नाही, पण आपल्याकडे त्याहून जवळचं उदाहरण आहे. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत कुणी ना कुणी नातेवाईक असतोच. पॅटर्न एक, त्यावरून वाळूचे साचे कितीतरी, आणि प्रत्येक साच्यातून निघणारं कास्टिंग वेगळं. एखाद्याला तडा गेला म्हणून शेजारच्याला जात नाही. पॅटर्न म्हणजे क्लास आणि कास्टिंग म्हणजे ऑब्जेक्ट, हे दोन मिनिटांत कळतं. मात्र उदाहरण कुठे तुटतं हेही लगेच सांगा. कास्टिंग मुकं असतं, त्याला कुणी काम सांगू शकत नाही. ऑब्जेक्टला सांगता येतं. उदाहरणाची हद्द दाखवली नाही, तर मुलं ऑब्जेक्टला फक्त माहितीचा डबा समजून बसतात आणि पुढचं सगळं अडतं.

तुम्ही लिहिलंय की मुलं सगळं मेनमध्ये लिहितात. त्यामागे आळस नसतो, बहुतेक वेळा एक एरर असते. मुलगा धीर करून मेनच्या बाहेर दुसरी मेथड (क्लासमधलं फंक्शन) लिहितो आणि मेनमधून बोलावतो. कंपायलर (कोड तपासून संगणकाच्या भाषेत नेणारा प्रोग्राम) म्हणतो, नॉन-स्टॅटिक मेथड स्टॅटिक कॉन्टेक्स्टमधून वापरता येत नाही. शेजारचा सांगतो, 'स्टॅटिक टाक, जाईल.' एरर जाते. मग व्हेरिएबल तक्रार करतात, त्यांच्यापुढेही स्टॅटिक लागतं. पंधरा दिवसांत सगळा प्रोग्राम स्टॅटिक झालेला असतो, त्यात एकही ऑब्जेक्ट तयार होत नाही, आणि वहीत मात्र चार व्याख्या सुवाच्य अक्षरात असतात.

या एका एररवर मी पूर्ण तास घालवतो. कंपायलर खरं तर मुलाला विचारतोय: 'हे काम कुणाचं? कुठल्या सभासदाची बाकी दाखवू?' मेन चालू होतो तेव्हा एकही सभासद जन्मलेला नसतो, मग बाकी, म्हणजे संस्थेकडचं येणं, कुणाची? हे पटल्यावर मी मुद्दाम बाकी या फील्डला (ऑब्जेक्टमधल्या माहितीच्या कप्प्याला) स्टॅटिक करून दाखवतो. दोन सभासद तयार करायचे, एकाने दूध घालायचं, दोघांची बाकी छापायची. दोघांची वाढलेली दिसते. स्टॅटिक म्हणजे सगळ्या वर्गाला मिळून एकच फळा, हे त्या दिवशी डोळ्यांनी दिसतं. आणि क्लास आला त्या दिवसापासून मेन वेगळ्या फाइलमध्ये ठेवायला लावा. त्याने सकाळी शटर उघडायचं, माणसं कामाला लावायची, बास. हिशोब मेनने करायचा नाही.

दुसरी रेंगाळण्याची जागा म्हणजे रेफरन्स. ट्रेनिंगला गेलेली माझी मुलं फोन करतात ती बहुतेक वेळा याच ठिकाणी अडलेली असतात. अ नावाच्या व्हेरिएबलमध्ये न्यू (नवा ऑब्जेक्ट बनवणारा शब्द) वापरून सभासद ठेवला, मग ब मध्ये अ ठेवला. आता ब ला पाच लिटर दूध जमा करायला सांगितलं. अ ची बाकी किती? निम्मा वर्ग म्हणतो, बदलणार नाही. तेव्हा फळ्यावर चौकोन आणि बाण काढा. न्यू एकदाच लिहिलंय, म्हणजे माणूस एकच. अ आणि ब या त्याच्या घराचा पत्ता लिहिलेल्या दोन चिठ्ठ्या आहेत. चिठ्ठी कोरी असेल तर ती नल, आणि कोऱ्या चिठ्ठीवरच्या घरी दूध पोचवायला गेलात तर नल पॉइंटर एक्सेप्शन ही एरर. हे चित्र मी पुढचे तीन आठवडे प्रत्येक प्रोग्रामसाठी कागदावर काढायला लावतो, कीबोर्डला हात लावण्याआधी. मुलं कंटाळतात. तरी काढायला लावा.

याच चित्रातून स्ट्रिंगचा (मजकूर ठेवणाऱ्या ऑब्जेक्टचा) गोंधळही सुटतो. प्रोग्राममध्येच दोनदा 'कागल' लिहून दुहेरी बरोबर चिन्हाने तुलना केली तर खरं येतं, कारण जावा तो मजकूर एकदाच ठेवते आणि दोघांना तोच पत्ता देते. तोच शब्द कीबोर्डवरून घेतला तर खोटं येतं, कारण ऑब्जेक्ट नवा, पत्ता वेगळा. दुहेरी बरोबर चिन्ह पत्ते ताडून बघतं आणि इक्वल्स ही मेथड मजकूर. नुसता नियम सांगितला तर परीक्षेपुरता राहतो.

कन्स्ट्रक्टरवर (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या कोडवर) फार वेळ नको. आपण आर्ग्युमेंटवाला (बाहेरून माहिती घेणारा) कन्स्ट्रक्टर लिहिला की जावाने फुकट दिलेला रिकामा कन्स्ट्रक्टर नाहीसा होतो, एवढं एकदा एरर आणून दाखवा आणि पुढे जा.

एन्कॅप्स्युलेशन (माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधून बंद ठेवणं) मात्र बहुतेक ठिकाणी उलटं शिकवलं जातं. फील्ड प्रायव्हेट करायची आणि एक्लिप्स या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरकडून सगळ्यांचे गेटर-सेटर (फील्ड वाचायच्या आणि बदलायच्या मेथड) काढून घ्यायचे. हे कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकवल्यासारखं आहे. बाकीला सेटर दिला म्हणजे कुणीही येऊन बाकी लिहू शकतो. मी मुलांना विचारतो, संस्थेत सभासद स्वतः रजिस्टर उघडून आपली बाकी लिहितो का? नाही. तो दूध घालतो, माप होतं, फॅट काढलं जातं, मग नोंद होते. बाकी वाढते ती दूध जमा झाल्यावर. कमी होते ती उचल घेतल्यावर किंवा पशुखाद्याचं पोतं नेल्यावर. म्हणजे सभासद या क्लासला 'बाकी ठरव' अशी मेथड नकोच. 'दूध जमा कर', 'उचल दे', 'पोतं दे' अशा मेथड हव्यात, आणि तपासणी त्यांच्या आत. लिटर शून्य किंवा उणे असेल तर नोंद नाही. घाईत ७.० च्या जागी ७० टाइप झालं तर नोंद नाही. ही तपासणी एकाच जागी राहते, म्हणून बाकीवर भरवसा ठेवता येतो. जाता जाता एक: पैशासाठी डबल (दशांश आकड्यांचा नेहमीचा प्रकार) वापरू देऊ नका. ०.१ आणि ०.२ ची बेरीज छापायला लावा, ०.३०००००००००००००००४ दिसेल. पैसे पूर्णांकात मोजा किंवा अचूक दशांशासाठीचा बिगडेसिमल हा क्लास घ्या.

यानंतर मी इनहेरिटन्सकडे (एका क्लासवरून दुसरा काढण्याकडे) जात नाही, आधी पॉलिमॉर्फिझम (निरोप एकच, काम ज्याच्या त्याच्या रीतीने) घेतो. म्हशीच्या दुधाचा दर ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ पायाला धरून सांगतात, गाईचा ३.५ आणि ८.५ धरून. मुलं इफ-एल्स लिहितात: म्हैस असेल तर असं, नाहीतर तसं. तेच इफ-एल्स मग काउंटरच्या पावतीत येतं, दहा दिवसांच्या बिलात येतं, महिन्याच्या गोषवाऱ्यात येतं. मी दर बदलायला सांगतो. कुणी दोन ठिकाणी बदलतो आणि तिसरं विसरतो, मग पावती आणि बिल जुळत नाही. पुन्हा तोच प्रश्न: दर सांगणं हे काम कुणाचं? पावतीचं नाही, बिलाचंही नाही, दरपत्रकाचं. मग दरपत्रक नावाचा इंटरफेस (क्लासला कुठली कामं यायला हवीत याचा करार) करायचा, त्यात एकच मेथड: फॅट आणि एसएनएफ घे, दर दे. समोर गाईचं पत्रक आहे की म्हशीचं, हे बिलाने विचारायचंच नाही.

इथे माझी बहुतेक मुलं हमखास एक चूक करतात, ती होऊ द्या. तुम्ही म्हणा, एक तारखेपासून म्हशीचा दर वाढला, पण जुनी बिलं जुन्याच दराने दिसली पाहिजेत. मुलं लगेच 'म्हैस दरपत्रक नवं' असा आणखी एक क्लास लिहितात. तेव्हा विचारा, हिशोबाची रीत बदलली की फक्त आकडे? आकडेच बदलले असतील तर क्लास तोच, ऑब्जेक्ट दुसरा. एका पत्रकात जुना मूळ दर, दुसऱ्यात नवा. रीतच बदलली, म्हणजे एसएनएफ मोजायचंच नाही असं काही ठरलं, तर नवा क्लास. क्लास आणि ऑब्जेक्टमधला फरक मुलांना पहिल्या आठवड्यात कळल्यासारखा वाटतो. खरा कळतो तो या दिवशी.

इनहेरिटन्स शेवटी ठेवा आणि थोडं ठेवा. प्राणी आणि कुत्रा हे उदाहरण मीही सुरुवातीची काही वर्षं दिलं. मग माझ्याच एका विद्यार्थ्याला मुलाखतीत विचारलं गेलं, 'बिलिंगमध्ये इनहेरिटन्स कुठे वापरशील?' तो गप्प बसला. भुंकण्याच्या मेथडचं बिलिंगमध्ये काय करणार? त्यात त्याची चूक नव्हती, उदाहरण माझं होतं. त्याआधी पुण्यात एका कंपनीत मी कर्मचाऱ्यांच्या क्लासची पाच पातळ्यांची उतरंड बांधली होती. कागदावर देखणी दिसायची. पहिल्याच वर्षी बढत्या झाल्या आणि सगळं अडकलं, कारण जावात ऑब्जेक्ट एकदा ज्या क्लासचा झाला तो जन्मभर त्याच क्लासचा राहतो. ती उतरंड मोडून सरळ करायला आम्हाला महिना लागला.

हीच गोष्ट मी आता संस्थेच्या निवडणुकीवरून सांगतो. संचालक हा सभासद असतोच, म्हणून मुलं संचालक हा सभासदाचा सबक्लास (त्यावरून काढलेला क्लास) करतात. 'संचालक सभासद असतो का?' ही परीक्षा पास होते. मग निवडणूक होते. निवडून आलेल्या सभासदाचा ऑब्जेक्ट आता टाकून द्यायचा? त्याची बाकी, उचल, वर्षाच्या नोंदी नव्या ऑब्जेक्टमध्ये नेऊन घालायच्या? आणि पाच वर्षांनी पडला तर पुन्हा उलट? पद ही माणसाकडे असलेली गोष्ट आहे, माणसाची जात नव्हे. सभासदाकडे पद नावाचा ऑब्जेक्ट द्या, आला तर आला, गेला तर गेला. कॉम्पोझिशन (एका ऑब्जेक्टकडे दुसरा ठेवणं) हा शब्द यानंतर सांगा. मोठ्यांच्याही हातून हे चुकतं. जावामधला स्टॅक (शेवटी ठेवलं ते आधी काढायचं असा ढीग) हा क्लास व्हेक्टर या यादीच्या क्लासपासून काढलेला आहे, त्यामुळे स्टॅकच्या मधोमधही वस्तू घुसवता येते, जे स्टॅकमध्ये व्हायलाच नको. आज जावाची अधिकृत माहितीच स्टॅकऐवजी डेक (दोन्ही टोकांनी ठेवता-काढता येणारी रांग) वापरा म्हणते.

ॲब्स्ट्रॅक्शनसाठी फॅट मशीन पुरतं. नमुना घातला, आकडा आला, आत काय झालं हे सेक्रेटरीला माहीत असायची गरज नाही. उद्या मशीन बदललं तरी सेक्रेटरीचं रजिस्टर तेच.

एक खेळ सांगतो, तो नक्की करा. पाच मुलांना उभं करा: दोन सभासद, एक संकलन केंद्र, एक दरपत्रक, एक बिल. प्रत्येकाच्या हातात स्वतःची वही. नियम एकच: दुसऱ्याच्या वहीत डोकवायचं नाही, काही हवं असेल तर चिठ्ठी पाठवायची. दहा मिनिटांत कुणीतरी दुसऱ्याची वही ओढतो आणि बाकीचे ओरडतात. प्रायव्हेट म्हणजे काय, हे यानंतर मला समजवावं लागत नाही. या खेळाची मुळं जुनी आहेत. १९६० च्या दशकात ओस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नायगार्ड यांनी सिम्युला ही भाषा बनवली ती खऱ्या जगातल्या व्यवहारांची नक्कल संगणकावर चालवायला, आणि क्लास व ऑब्जेक्ट तिथून आले. पुढे स्मॉलटॉक ही भाषा घडवणाऱ्या ॲलन के यांनी तर लिहून ठेवलं की ऑब्जेक्ट या शब्दावर लोकांचं लक्ष नको तितकं गेलं, मुख्य गोष्ट एकमेकांना निरोप पाठवणं ही होती. मुलांना इतिहास पाठ करायला लावू नका, पण आपण खेळतोय तो पोरखेळ नाही एवढं त्यांना कळू द्या.

दोन महिन्यांची वाटणी माझ्याकडे साधारण अशी असते: पहिले दोन आठवडे याद्या, फंक्शन आणि ती सॉर्टची फजिती. पुढचे तीन आठवडे क्लास, रेफरन्स, स्टॅटिक, प्रायव्हेट. मग दोन आठवडे इंटरफेस आणि चार दिवस इनहेरिटन्स. उरलेल्या दिवसांत व्याख्या. हो, व्याख्या घ्याच. मुलाखतीत ओव्हरलोडिंग (एकाच नावाच्या, वेगळे आर्ग्युमेंट घेणाऱ्या मेथड) आणि ओव्हररायडिंग (वरून आलेली मेथड आपल्या रीतीने पुन्हा लिहिणं) विचारतातच. कुठली मेथड हे पहिल्यात कंपायलर ठरवतो आणि दुसऱ्यात प्रोग्राम चालताना समोरच्या ऑब्जेक्टवरून ठरतं, हे आता त्यांना दरपत्रकावरून सांगता येईल. एक जुनं पाठांतर तेवढं सुधारून घ्या: 'इंटरफेसमधल्या मेथडला बॉडी (आतला कोड) नसते' हे उत्तर २०१४ च्या जावा ८ पासून अपुरं आहे, कारण तेव्हापासून बॉडी असलेल्या डिफॉल्ट मेथड आल्या.

भाषेबद्दलही सांगतो, कारण मराठी माध्यमातल्या मुलांचं नुकसान मी जवळून पाहिलंय. त्यांना आधी मराठीतच समजावून सांगायला लावा, मोठ्याने, उभं राहून. पटलेलं असेल तर मराठीत अडखळणार नाहीत. मग तेच इंग्रजीत. सरावाला क्लास आणि मेथडची नावं देवनागरीत लिहिली तरी जावा आणि पायथॉन ३ ती स्वीकारतात. कंपनीत मात्र नावं इंग्रजीतच लागतील, म्हणून शेवटच्या महिन्यात ती सवय लावा.

आणि शेवटच्या आठवड्यात दूध संस्था बाजूला ठेवा. प्रत्येकाला घरचा धंदा आणायला सांगा: किराणा दुकान, गुऱ्हाळ, वेल्डिंगचं वर्कशॉप, शेती. कोड नको, फक्त कागदावर कोण कोण आहे आणि कुणाचं काम काय. माझ्याकडे हुपरीची एक मुलगी होती, घरी चांदीचं काम. तिने कागदावर कारागीर, मालक, चांदी, दागिना असे चौकोन काढले, बाण काढले आणि मग अर्धा तास नुसती बघत बसली. मी जवळ गेलो तर म्हणाली, 'सर, कामात जी घट येते ती कुणाच्या वहीत लिहायची? कारागिराच्या की दागिन्याच्या?' मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती वडिलांना विचारून आली आणि घटीसाठी पाचवा चौकोन काढला.